गिअरबॉक्स घरी उघडावा काय?

आपल्या गावांतून मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वडीलधाऱ्यांना इस्पितळात नेणे, भाजी बाजारात पोहोचविणे, दूरच्या वाडीतील म्हाताऱ्या माणसांना रविवारच्या मिस्सेला आणणे, अशी नाना कामे ती करिते. त्यातही क्लचचे पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या जुन्या गाड्या सांप्रत पुष्कळ घरांत आल्या आहेत. अशी गाडी एके दिवशी चढावर दगा देते. इंजिन ओरडते, पण चाकांना जोर पोहोचत नाही. गॅरेजमधील मेस्त्री खर्चाचा आकडा सांगतात, आणि तो ऐकून घरातील हुशार मुलगा म्हणतो, "बाबा, एवढे पैसे कशाला घालवता? गिअरबॉक्स मीच उतरवतो आणि मीच बांधतो." या वाक्यापाशी घरचा कर्ता माणूस अडखळतो. नाही म्हणावे तर मुलाचा उत्साह मोडतो. हो म्हणावे तर गाडी अंगणात सुटी होऊन पडण्याची धास्ती वाटते. याच प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहोत.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मुख्य सद्गुण मानिले आहेत. त्यांपैकी विवेकाची तीन कार्ये संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगून ठेविली: प्रथम चौकशी व सल्लामसलत, मग निवाडा, आणि शेवटी ठरले ते कृतीत आणणे. मोटारीच्या यंत्रालाही हा क्रम तंतोतंत लागू पडतो. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. पाना आधी हाती येतो, निवाडा मागाहून होतो, आणि चौकशी सर्वांत शेवटी.

तेव्हा प्रथम चौकशी. आपल्या गाडीत आहे तरी काय? 'ऑटोमॅटिक' हे एकच नाव निरनिराळ्या चार यंत्रांना दिले जाते. मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर २०१४ साली जी स्वस्त पद्धत आपल्या देशात आली, ती एएमटी. तिच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे माणसाऐवजी एक यंत्र करिते. तिचा दोष पुष्कळदा क्लचमध्ये किंवा त्या यंत्रात निघतो, आणि सबंध गिअरबॉक्स उघडण्याचे कारणच पडत नाही. दुसरी पद्धत सीव्हीटी. तीत दोन पुल्या व त्यांवरून फिरणारा पट्टा असतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली अशी रबरी पट्ट्यांची मोटार काढली होती. आजचा पट्टा बहुधा पोलादी असतो. त्याच्या पुल्यांचा गुळगुळीत पृष्ठभाग एकदा ओरखडला की त्यावर घरगुती उपाय नाही. तिसरी दुहेरी क्लचची. तिचे क्लच बसविण्यास खास हत्यारे लागतात. या दोहोंच्या वाटेस घरी जाऊ नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

राहिली चौथी, टॉर्क कन्व्हर्टरची. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की टॉर्क कन्व्हर्टरची मूळ कल्पना ध्यानी येते. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यामागे ग्रहमालेसारखी चक्रे असतात: मध्ये सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे आणि त्यांना वेढणारे कडे. त्यांपैकी एकास धरावे, दुसऱ्यास सोडावे, म्हणजे वेग बदलतो. हे धरणे-सोडणे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या क्लच प्लेटी करितात, आणि कोणते तेल कोठे जावे हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा, शेकडो वळणांच्या वाटा कोरलेला भाग ठरवितो. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाडीत 'हायड्रामॅटिक' नावाचा असा गिअरबॉक्स आणिला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रणगाड्यांतही वापरला गेला. त्या वेळी साधी तेलाची जोडणी होती. टॉर्क कन्व्हर्टर मागाहून रूढ झाला. तथापि तेल, ग्रहचक्रे व क्लच प्लेटी हे मूळ तत्त्व अद्यापि तेच आहे.

आता रोगाची परीक्षा. गिअरबॉक्सचे तेल हे त्याचे रक्त होय. बहुतेक गाड्यांत ते नवे असताना लाल असते. ते काळवंडले असेल व त्यास करपल्याचा वास येत असेल, तर क्लच प्लेटी जळाल्या असे समजावे. ते दुधाळ गुलाबी झाले असेल, तर रेडिएटरमधील पाणी त्यात शिरले आहे. त्यात चकाकणारा धातूचा चुरा पुष्कळ दिसला, तर आतले भाग झिजत आहेत. परंतु तेल नुसते कमी असले तरीही गाडी घसरते, आणि तेव्हा गळती बंद करून तेल भरणे एवढेच काम असते. तेलाची पातळी कोणत्या गाडीत इंजिन चालू ठेवून पाहावयाची आणि कोणत्या गाडीत बंद करून, हे त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावे. नव्या धर्तीच्या गाड्यांत विजेचा भागही असतो. एखादा सेन्सर किंवा सोलेनॉइड बिघडला, अथवा उंदराने वायर कुरतडली, तर संगणक गाडीस एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवितो. स्कॅनर लावून हे थोडक्या पैशांत कळते. ही परीक्षा केल्यावाचून गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे ताप कशाने आला हे न पाहता पोट चिरण्यासारखे होय. चौकशी चालू असेतो अशी गाडी दोरी बांधून ओढूही नये. इंजिन बंद असता आतला तेलपंप फिरत नाही, आणि चाकांबरोबर फिरणारे भाग तेलावाचून घासतात.

परीक्षेअंती गिअरबॉक्स खरोखरच बांधावा लागणार असे ठरले, तर निवाड्याची वेळ येते. येथे आम्ही तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न जागेचा. या कामात ताकद थोडी आणि स्वच्छता फार लागते. आमच्या बेळगावकडील तांबड्या मातीची चिमूटभर धूळ, किंवा सुती चिंधीचा एक धागा, व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटेत अडकला तरी केलेले सर्व काम वाया जाते. उघड्या अंगणात, कोंबड्या फिरतात तेथे, हे काम होणार नाही. झाकलेली खोली, धुतलेले टेबल आणि गाडी उंच धरणारे भक्कम स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. वाचलेल्या पैशांपेक्षा मुलाचा जीव मोठा आहे. गिअरबॉक्सही एकट्याने छातीवर तोलण्याचा जिन्नस नव्हे.

दुसरा प्रश्न मापाचा, आणि आमच्या मते निवाडा मुख्यतः येथेच होतो. गिअरबॉक्स सोडविणे कोणासही जमते. तो जुळविताना प्रत्येक क्लचमधील मोकळीक फीलर गेजने आणि शाफ्टची हालचाल डायल गेजने मोजावी लागते. ती पुस्तकातील आकड्याशी न जुळली, तर योग्य जाडीची प्लेट वा वॉशर घालून जुळवावी लागते. नव्या प्लेटी बसविण्यापूर्वी तेलात भिजवाव्या लागतात. व्हॉल्व्ह बॉडीतील लहान पोलादी गोळ्या ज्या खाचेतून निघाल्या त्याच खाचेत परत जाव्या लागतात, म्हणून उघडताना पायरीपायरीने छायाचित्रे घ्यावी. तेल थंड करणारी नळी व जाळी धुतली नाही, तर जुना चुरा नव्या यंत्रात शिरतो. टॉर्क कन्व्हर्टर पंपात पुरता बसला नसताना बोल्ट आवळले, तर पंप जागच्या जागी फुटतो. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या तरुणास ही मापे परकी नाहीत. ज्याने फीलर गेज कधी हाती धरले नाही, त्याचे धाडस कौतुकास्पद असले तरी त्याने आधी शिकावे. वैद्य जसे प्रेतावर शिकतात, तसे भंगारातून त्याच जातीचा एक मेलेला गिअरबॉक्स आणून तो दोनदा उघडावा आणि दोनदा जुळवावा. मग आपल्या गाडीस हात लावावा.

तिसरा प्रश्न घराचा. या गाडीची वाट कोण पाहत आहे? घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे माणूस असेल, किंवा गाडीच्या भाड्यावर चूल पेटत असेल, तर सुट्या भागांची वाट पाहत महिना-दोन महिने गाडी खोळंबून ठेवण्याचा अधिकार मुलाच्या हौसेस नाही. दारी दुसरे वाहन असेल, गाडी जुन्या चार गिअरची असेल, तिचे दुरुस्तीचे पुस्तक हाताशी असेल आणि एखादे अनुभवी मेस्त्री येऊन पाहून जाण्यास तयार असतील, तर खुशाल हो म्हणावे. देवाने दिलेले हात वापरणे हे प्रार्थनेइतकेच पवित्र आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफचा सण म्हणून नेमून दिला, तो हाताच्या श्रमाचा मान वाढविण्यासाठीच.

होकार आणि नकार यांच्या मधलीही एक वाट आहे, आणि पुष्कळ घरांना तीच मानवेल. गिअरबॉक्स गाडीतून उतरविणे व पुन्हा चढविणे हे काम मुलाने मित्रांसह घरी करावे, आणि आतले बांधकाम त्यातील जाणत्या कारागिराकडे टेबलावर द्यावे. मजुरीचा बराच भाग वाचतो, मुलगा शिकतो, आणि नाजूक काम जाणत्या हातांत राहते. अपघातात मोडलेल्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स मिळाल्यास तोही विचारात घ्यावा. मात्र त्याचे तेल पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर कर्ज काढण्यापेक्षा गाडी विकणे शहाणपणाचे. विकताना दोष सांगून विकावी. दाट तेल ओतून चार दिवस घसरणे थांबविणे आणि गिऱ्हाईक गाठणे ही सातव्या आज्ञेविरुद्ध केलेली चोरी आहे. चोर्ला घाट चढताना ती गाडी ज्याला दगा देईल, तोही कोणाचा तरी बाप किंवा भाऊ असेल.

शेवटी कृती. संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे, तो वाचकांनी घरी सर्वांदेखत वाचावा. मग वडिलांनी व मुलाने एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: काम किती दिवसांत पुरे करावयाचे, खर्चाची मर्यादा कोणती, आणि ती ओलांडली तर गाडी कोणाकडे न्यावयाची. हा कागद कपाटास चिकटवून ठेवावा. त्या दिवशी काम अर्धे राहिले असेल, तर मुलाने मनात कमीपणा न बाळगता सर्व भाग खुणा करून पेटीत भरावे व जाणत्याकडे न्यावे. आणि वडिलांनी त्यास एका शब्दाने टोचू नये. गाडी आज ना उद्या दुरुस्त होईल. "मला एवढे येते, एवढे येत नाही" असे वडिलांसमोर मोकळेपणाने म्हणण्याची सवय मुलाला या निमित्ताने लागली, तर ती त्यास जन्मभर पुरेल.