गुरू नानक समन्वयवादी होते काय?

नानकजयंती जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, शाळांतल्या भाषणांत आणि पुढाऱ्यांच्या संदेशांत एक विधान ठरलेले असते: गुरू नानकांनी हिंदू आणि इस्लाम या दोन धर्मांतले चांगले तेवढे वेचले, त्यांचा समन्वय साधला आणि त्यातून शीख पंथ जन्माला आला. विधान गौरवाचे आहे, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. पण गौरव करूनही माणसाला लहान करता येते. समन्वय करणारा दोन पक्षांमधला मध्यस्थ असतो. दोघांना पटेल तेवढेच तो बोलतो. नानकांना स्वतःचे सांगणे होते आणि ते दोन्ही पक्षांना झोंबणारे होते. शिवाय ते सांगून ते थांबले नाहीत. त्याप्रमाणे जगता यावे म्हणून त्यांनी गाव वसवले, माणसे जमवली आणि आपल्यामागे ते काम कोण पाहील याची व्यवस्था लावली. तेव्हा नानकांचे जीवितकार्य मतांच्या मिश्रणात न शोधता रावीकाठच्या करतारपुरात शोधले पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे.

समन्वयाची ही कल्पना आली कोठून, ते आधी पाहू. अर्न्स्ट ट्रंप या जर्मन पंडिताने आदिग्रंथाच्या काही भागाचे इंग्रजी भाषांतर 1877 मध्ये प्रसिद्ध केले आणि नानकांची शिकवण मुळात हिंदूच आहे, असा निर्वाळा दिला. आठच वर्षांनी ‘डिक्शनरी ऑफ इस्लाम’ या कोशात फ्रेडरिक पिंकॉट याने हिंदू आणि मुसलमान यांचा मेळ घालणे हाच नानकांचा हेतू होता, असे मांडले. ग्रंथ एकच, वाचणारे दोघेही परके, आणि निष्कर्ष मात्र वेगवेगळे! पुढे 1898 मध्ये भाई काहनसिंग नाभा यांनी ‘हम हिंदू नहीं’ लिहून या वादात शिखांची बाजू ठामपणे मांडली. फाळणीनंतरच्या भारताला सलोख्याची प्रतीके हवी होती, आणि पिंकॉटचे मत त्या गरजेला सोयीचे पडले. ती गरज प्रामाणिक होती, हे मान्य. पण विसाव्या शतकाची गरज 1469 साली जन्मलेल्या पुरुषाच्या तोंडी घालणे याला इतिहास म्हणत नाहीत.

आता खुद्द नानकांच्या बाणीकडे वळू. त्यांच्या नऊशेंहून अधिक रचना गुरू ग्रंथसाहिबात आहेत; अंदाजाने बोलण्याची गरज नाही. ‘आसा दी वार’ या रचनेत त्यांनी आपल्याच खत्री जातीतल्या कारभाऱ्यांना धारेवर धरले आहे. हे लोक घरी टिळा लावून, धोतर नेसून पूजा करतात आणि बाहेर राज्यकर्त्यांच्या किताबा वाचून त्यांच्यासारखे वागतात. गाई-ब्राह्मणांवर कर बसवतात आणि सोवळेही मिरवतात. दोन्ही धर्मांचे थोडे थोडे आचरण करणारा माणूस त्या काळात प्रत्यक्ष वावरत होता, तो हाच. नानकांना मिश्रण हवे असते तर त्यांनी या माणसाची पाठ थोपटली असती. त्यांनी त्याला ढोंगी ठरवले. जानव्याला त्यांनी दया, संतोष आणि सत्य यांची कसोटी लावली, पाच वेळच्या नमाजाला सचोटी आणि हक्काची कमाई यांची, आणि कानफाट्या योग्याच्या मुद्रांनाही तीच. ‘खरा मुसलमान हो, खरा योगी हो’ असे ते सांगतात तेव्हा सर्व धर्म सारखे असा त्याचा अर्थ काढला जातो. पण नीट पाहिले तर खरेपणाचे माप ते वेदातून घेत नाहीत आणि कुराणातूनही घेत नाहीत. ज्याच्या हाती माप असते तो न्याय करीत असतो. त्याला तडजोड करणारा कसे म्हणावे?

कर्म आणि पुनर्जन्म ही भारतीय कल्पना नानकांनी घेतली आणि अवतार व मूर्ती नाकारून एकच निराकार कर्ता मानला, मग हे मिश्रण नाही तर काय, असे कोणी विचारील. विचारांची सामग्री जुनीच असते, हे खरे. कोणताही धर्मप्रवर्तक ती शून्यातून आणत नाही. पण त्या न्यायाने जगातला प्रत्येक धर्म मिश्रण ठरेल आणि त्या शब्दाला काही अर्थच उरणार नाही. प्रश्न सामग्रीचा नसून तिच्यावर कोणाची सत्ता चालते याचा आहे. नानकांच्या बाणीत ती सत्ता त्यांना आतून आलेल्या शब्दाची आहे. ब्राह्मण, काझी आणि सिद्ध हे तिघेही तिथे प्रतिवादी म्हणून उभे आहेत.

समन्वयपक्षाचे दोन आवडते पुरावे जनमसाख्यांतले, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रकथांतले, आहेत. सुलतानपूर लोधी येथे दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात नोकरी करीत असताना नानक बेईं नदीत उतरले, तीन दिवसांनी बाहेर आले आणि हिंदूही कोणी नाही, मुसलमानही कोणी नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, ही एक कथा. दुसरी त्यांच्या देहावसानाची: हिंदू दहन करू म्हणत होते, मुसलमान दफन, चादर उचलली तर खाली फुले, ती दोघांनी वाटून घेतली. करतारपुरात आज समाधीही आहे आणि कबरही. पहिल्या कथेत मिश्रण कोठे आहे? तिथे दोन्ही नावे नाकारलेली आहेत, आणि दोन नकारांची बेरीज केली तर समन्वय होत नाही. फुलांची कथा मगहरला कबीरांविषयीही जशीच्या तशी सांगतात. तेव्हा ती नानकांच्या चरित्रापेक्षा लोकांच्या कथाकौशल्याविषयी अधिक सांगते. आणि ती खरी धरली तरी नानक काय होते हे त्यातून कळत नाही. त्यांच्यामागे लोकांनी त्यांना आपापल्या खात्यावर कसे मांडले, एवढेच कळते. राहिला रबाब वाजवणारा मुसलमान सोबती मरदाना. त्याची आयुष्यभराची साथ मैत्रीचा सुंदर पुरावा आहे, पण दोन माणसांची मैत्री म्हणजे दोन धर्मांचे मिश्रण नव्हे.

खंडन एवढे पुरे. आता नानकांनी प्रत्यक्षात काय केले ते पाहू. पंजाबबाहेर दूरवर केलेल्या प्रवासांना, म्हणजे उदासींना, चरित्रकार पानेच्या पाने देतात, कारण तिथे चमत्कार आहेत, वाद आहेत, मक्का आहे. पण त्या प्रवासांनंतर, 1520 च्या सुमारास, नानक रावीच्या काठी करतारपुरात स्थिरावले आणि 1539 मध्ये देह ठेवीपर्यंत तिथेच राहिले. 1604 मध्ये ज्यांच्या लेखणीने आदिग्रंथ सिद्ध झाला ते भाई गुरदास आपल्या पहिल्या वारेत सांगतात की करतारपुरात आल्यावर बाबांनी उदासीचा वेश उतरवला आणि संसारी माणसाचे कपडे घातले. पहाटे जपजी, संध्याकाळी सोदर आणि आरती, असा तिथला नेम भाई गुरदासांनीच नोंदवला आहे. दिवसा शेती, आणि जे पिकेल ते सर्वांनी एका पंगतीत बसून खायचे. नाम जपना, किरत करनी, वंड छकना, म्हणजे नामस्मरण, कष्टाची कमाई आणि वाटून खाणे, ही त्रिसूत्री परंपरेने नानकांच्या नावावर ठेवली आहे, आणि करतारपूर हे तिचे प्रत्यक्ष रूप होते. संन्याशाला पूजणाऱ्या देशात एका सिद्धपुरुषाने भगवी वस्त्रे उतरवून नांगर धरावा, हे मोठे विधान आहे. ते सूत्रात न सांगता दिनक्रमातून सांगितले, म्हणून समन्वयाच्या चष्म्यातून ते दिसत नाही.

इथे मराठी वाचक एक रास्त आक्षेप घेईल. एकेश्वर, नाम, जातिभेदाचा धिक्कार, कर्मकांडावर टीका हे सगळे नामदेव आणि कबीर यांनी नानकांच्या आधीच सांगितले होते. मग नवे काय? नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट आहेत, आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचे स्मारक आहे. तेव्हा विचारांचे हे ऋण शिखांनी लपवलेले नाही. आपल्या धर्मग्रंथातच ते नोंदवले आहे. पण आक्षेपातच उत्तर आहे. विचार आधीपासून होते. त्यांना रोजचे घर नव्हते. वारकरी पंथानेही संस्था उभारली: वारी, दिंडी, फड. ती थोर आहे आणि टिकली आहे. पण तिचा कणा यात्रा आहे. वाळवंटात जी समता वारकरी अनुभवतो ती गावी परतल्यावर बहुधा वेशीबाहेर राहिली, हे आपल्याकडच्या सुधारकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. नानकांनी तीर्थयात्रेचे महत्त्वच काढून घेतले आणि संगत माणूस राहतो तिथे, रोजच्या जेवणाच्या वेळी भरवली. शेजाऱ्याबरोबर वर्षातून एकदा चालणे सोपे आहे. त्याच्या मांडीला मांडी लावून रोज जेवणे अवघड आहे. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातल्या तुपाच्या खिरीचा उल्लेख सत्ता आणि बलवंड या भाटांच्या वारेत आहे आणि ती वार गुरू ग्रंथसाहिबात आहे. धर्मग्रंथात स्वयंपाकघराला जागा मिळते, यावरून त्या पंथात स्वयंपाकघराचे मोल काय होते ते कळावे.

यावर आणखी एक शंका येते: पंथ काढण्याचा नानकांचा विचार नव्हता, तो पुढच्यांनी त्यांच्या नावावर काढला. ही शंका उत्तराधिकाराच्या घटनेपाशी अडखळते. नानकांना श्रीचंद आणि लखमीदास असे दोन मुलगे होते. श्रीचंद विरक्त होते आणि उदासी पंथ त्यांना आपला आद्य मानतो. केवळ एक आध्यात्मिक वारसा पुढे जावा, एवढीच इच्छा असती तर विरक्त मुलगा हाताशी होता. नानकांनी निवडला तो लहणा नावाचा, देवीच्या यात्रेला जाता जाता त्यांच्याकडे आलेला शिष्य. त्याचे नाव अंगद ठेवून आपल्या हयातीतच त्याला गुरुपद दिले. रक्त आणि वैराग्य हे दोन्ही दावे बाजूला सारून कामाची जबाबदारी सोपवली, याचा अर्थ काम चालू राहावे असा स्पष्ट हेतू होता. या संस्थेची साक्ष शत्रूनेही दिली आहे. पाचवे गुरू अर्जुनदेव यांना 1606 मध्ये लाहोरात ठार करवणाऱ्या जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात तक्रार केली आहे की तीन-चार पिढ्या यांचे दुकान चालू आहे आणि भोळ्या हिंदूंबरोबर काही मुसलमानही त्याला लागले आहेत. बादशहाला एखाद्या मताची भीती वाटत नव्हती. त्याला खुपत होती ती चालती संस्था. याच्या शेजारी त्याच्या बापाचा, अकबराचा, दीन-ए-इलाही ठेवून पाहावा. खरे मिश्रण ते होते, त्याला साम्राज्याचा आश्रय होता आणि ते अकबराबरोबर संपले.

‘नानक शांतीचे संत, गोविंदसिंग तलवारीचे, मधे कोठेतरी वाट सुटली’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण बाबराने सैदपूर लुटले तेव्हा नानकांनी डोळे मिटून नामजप केला नाही. बाबराच्या स्वारीवरच्या त्यांच्या चार रचनांत विटंबना झालेल्या स्त्रिया आहेत, ऐषारामात राज्य गमावणारे लोदी सरदार आहेत आणि हे कसे होऊ दिलेस म्हणून देवालाही विचारलेला जाब आहे. राजसत्तेचा न्याय हा ज्याच्या भक्तीचा विषय आहे, त्याच्या पंथाला अर्जुनदेवांच्या वधानंतर सहाव्या गुरूंनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक सत्ता आणि अध्यात्म, अशा दोन तलवारी दिल्या, यात दिशा बदलली नाही, प्रसंग बदलला. नानकांनी खालसाची योजना आखली होती, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र ज्या समूहाला 1699 मध्ये खालसा म्हणून शस्त्र देता आले तो समूह संगतीने आधीच घडवलेला होता. 1708 मध्ये आपल्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची मालिका संपवून गुरुपद ग्रंथाला दिले. व्यक्तीवाचून चालण्याइतकी ती संस्था तोवर प्रौढ झाली होती.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. लंगर असूनही शिखांतून जात गेली नाही. दहाही गुरू खत्रीच होते आणि मजहबी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या, शिखांना अनेक ठिकाणी वेगळी वागणूक मिळत आली. हे खरे आहे आणि ते झाकण्यात नानकांचा सन्मान नाही. संस्था माणसे चालवतात, त्यामुळे ती बिघडते. पण बिघाड दाखवण्याचे हत्यारही तीच देते. 1920 च्या ऑक्टोबरात अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या शिखांचा प्रसाद अमृतसरच्या हरिमंदिरात पुजाऱ्यांनी नाकारला. संगतीने तो स्वीकारायला लावला, त्याच वर्षी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि 1925 मध्ये गुरुद्वारांचा कायदा आला. पुजाऱ्यांविरुद्ध आंदोलकांना नवे तत्त्वज्ञान शोधावे लागले नाही. करतारपूरची पंगत पुरेशी होती. समन्वयाच्या गोड वाक्यातून असे हत्यार कधीही निघाले नसते, कारण ज्या वाक्याने कोणी दुखावत नाही त्याने कोणी सुधारतही नाही.

म्हणून नानकांना समन्वयवादी म्हणणे आता थांबवावे. दोन धर्मांचा मेळ घालणारा संत आपल्याला सोयीचा आहे, कारण त्याच्यापुढे हात जोडले की आपले काम संपते. खरे नानक गैरसोयीचे आहेत. तुझी कमाई हक्काची आहे का, ती तू कोणाबरोबर वाटून खातोस आणि तुझ्या पंगतीत कोण बसत नाही, असे ते विचारतात. त्यांची जयंती साजरी करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शीख असो, हिंदू असो वा मुसलमान, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत.