सत्तर फूट आणि तेवीस फूट

बँकेत छत्तीस वर्षे काढल्याचा हा परिणाम असावा. कोणतीही साहसकथा हाती आली की माझे लक्ष नायकाच्या शौर्याकडे नंतर जाते, आधी त्याच्या खतावणीकडे जाते. जहाज कोणाच्या पैशाने घेतले, बोजा किती होता आणि हप्ता केव्हा थकला, हे कळल्याशिवाय मला ती कथा पुरती समजत नाही. घरची मंडळी या सवयीला हसतात. त्यांचे हसणे रास्त आहे. पण इंग्लंडच्या ॲन डेव्हिसन यांची हकीकत वाचताना ही सवय उपयोगी पडली.

एकटीने शिडाच्या गलबतातून अटलांटिक महासागर ओलांडणारी पहिली स्त्री, एवढीच त्यांची ओळख बहुधा सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. त्या सफरीच्या तीन वर्षे आधी त्यांनी समुद्रात आपला पती गमावला होता. त्याचे कारण केवळ वादळ नव्हते.

ॲनबाई व्यवसायाने वैमानिक. पती फ्रँक एक लहानसा विमानतळ चालवीत असत. दुसरे महायुद्ध आले, विमानतळ सरकारने ताब्यात घेतला आणि उभयतांचा जम मोडला. पुढे स्कॉटलंडमधील लॉक लोमंड या सरोवरातील बेटांवर त्यांनी शेती करून पाहिली. त्यात मन रमेना, तेव्हा त्यांनी समुद्रपर्यटनाचे स्वप्न उराशी धरले व फ्लीटवुड बंदरात एक जुने जहाज विकत घेतले. लांबी सत्तर फूट, नाव ‘रिलायन्स’, म्हणजे भरवसा. त्याच जहाजावर संसार थाटून त्यांनी दुरुस्ती आरंभली.

जुने लाकडी जहाज आणि जुना वाडा यांचा स्वभाव एकच. एक फळी काढावी तर तिच्यामागच्या दोन कुजलेल्या निघतात. अंदाजपत्रक फुगत गेले, शिल्लक आटत गेली, देणी वाढली. सागरी कायद्याची एक रीत येथे सांगितली पाहिजे. देणे थकले तर इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष जहाजालाच अटक करविता येते. वॉरंट डोलकाठीला लावतात आणि जहाज जागचे हलू शकत नाही. ते संकट समोर दिसू लागले तेव्हा, १९४९ च्या मे महिन्यात, दोघांनी पुरती तयारी नसलेले जहाज बंदराबाहेर काढले. सावकारांना चुकवून जाणे मी योग्य म्हणणार नाही. पण थकलेल्या कर्जदाराच्या डोळ्यांतील तो भाव मी टेबलाच्या पलीकडून अनेकदा पाहिला आहे. त्या मनःस्थितीत हवामानाचा अंदाज कोणी बघत नाही.

निघताच वादळाने गाठले. सत्तर फुटांचे जहाज आणि हात अवघे चार. वारा उठला की एवढ्या जहाजाची शिडे आवळण्यासाठी अनेक माणसे लागतात; येथे एकाने झोपायचे तर दुसऱ्याने एकट्याने सर्व सांभाळायचे. अनेक दिवसांच्या जागरणाने दोघेही खचले. शेवटी जूनच्या प्रारंभी एका रात्री इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बिल या खडकाळ टोकावर ‘रिलायन्स’ आदळले. तेथे समुद्राच्या तळाशी खडकाची पायरी आहे. तिच्यावर भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि पाणी उकळल्यासारखे होते. दोघांनी लहानशा तराफ्याचा आश्रय घेतला. अशा तराफ्याला कोरडा तळ नसतो. बसणारा कमरेपर्यंत पाण्यातच असतो. जूनमध्येही तेथील पाणी गोठविणारे असते. पुढच्या काही तासांत, पत्नीच्या शेजारीच, गारठ्याने फ्रँक यांचा प्राण गेला. ॲनबाई एकट्या किनाऱ्याला लागल्या. जहाज गेले, पती गेला, घरही गेले, कारण जहाज हेच घर होते. देणी मात्र किनाऱ्यावर शाबूत होती.

अशा प्रसंगी भोवतालचे लोक काय सांगतात, हे वाचकहो, तुम्ही जाणताच. आता शांत बसा, जिवाला जपा, त्या वाटेला पुन्हा जाऊ नका. मीही हेच सांगितले आहे. तालुक्याच्या एका शाखेत असताना आमच्या एका खातेदाराचे, भुसार मालाच्या व्यापाऱ्याचे, अकस्मात निधन झाले. कॅश क्रेडिटचे खाते, गोदामात माल तारण. महिनाभराने त्यांच्या पत्नी दिरांसह शाखेत आल्या. मी मोठ्या कळकळीने म्हणालो, “वहिनी, गोदाम, दुकान सगळे विकून कर्ज फेडा, उरेल ते मुदत ठेवीत टाका. व्याजावर सुखाने राहाल.” त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “साहेब, गोदाम विका. घाऊक धंदा मला नाही झेपायचा. पण दुकानाचे एक शटर राहू द्या. तेवढे झेपेल.” तो मला त्या वेळी हट्ट वाटला होता. माझ्या टिपणात मी तसेच लिहिले होते.

ॲनबाईंनीही एक शटर राखले. आधी त्यांनी ती सारी हकीकत लिहून काढली. ते पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. गलबतांच्या कारखान्यात काम करून त्या नौकानयनाचे बारकावे शिकल्या. आणि मग गलबत घेतले ते तेवीस फुटांचे. ‘फेलिसिटी ॲन’ या नावाच्या त्या गलबताची बांधणी १९३९ मध्ये सुरू झाली होती. युद्धामुळे अडली ती १९४९ मध्ये पुरी झाली, म्हणजे ‘रिलायन्स’ फुटले त्याच वर्षी. एका माणसाच्या हाताला जेवढे शीड आवरेल तेवढेच त्याला होते. समुद्र तोच राहिला, माप तेवढे बदलले. माझ्या मते या हकीकतीतील खरा निर्णय हाच आहे, अटलांटिक त्यानंतरचा.

१८ मे १९५२ रोजी त्या प्लिमथहून निघाल्या. आरंभ फारसा शोभिवंत नव्हता. पहिल्याच टप्प्यात इतकी दमछाक झाली की फ्रेंच कोळ्यांनी त्यांचे गलबत ओढत ब्रिटनीच्या बंदरात नेले. तेथून स्पेन, जिब्राल्टर, कॅसाब्लांका असे थांबत थांबत त्या कॅनरी बेटांवर पोहोचल्या आणि २० नोव्हेंबरला लास पाल्मासहून खऱ्या महासागरात शिरल्या.

पुढचे दोन महिने घर म्हणजे रेल्वेच्या स्लीपर डब्यातील एका कप्प्याएवढी खोली. तेथेच अंथरूण, तेथेच स्टोव्ह, तेथेच नकाशे. आजच्यासारखी दिशा धरून ठेवणारी यंत्रे नव्हती. झोप हवी असेल तर शिडे उतरवून किंवा सुकाणूची दांडी दोरीने बांधून गलबत नशिबावर सोडायचे. वादळाची भीती आपण सहज कल्पू शकतो. निवाऱ्याची कल्पना येत नाही. वारा पडला की गलबत लाटांवर नुसते डोलत राहते, शीड फटफटते, किनारा जवळ येत नाही, आणि त्या मोकळ्या वेळात माणसाला स्वतःच्या आठवणींखेरीज दुसरी सोबत नसते. अतिश्रमाने ॲनबाईंना नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. ज्याच्या घरातून कोणी कायमचे गेले आहे, त्याला यात फारसे नवल वाटणार नाही. जमिनीवरही ते ऐकू येतात.

अँटिग्वा गाठायचा बेत होता, पण शेवटच्या टप्प्यात वादळांनी गलबत बार्बाडोसच्या पलीकडे ढकलले. समोर जमीन दिसत असूनही उतरता येत नव्हते. अखेर २३ जानेवारी १९५३ रोजी डॉमिनिका बेटाला नांगर पडला. मधे चौसष्ट दिवस गेले होते.

त्यानंतर ॲनबाई अमेरिकेत स्थायिक झाल्या, पुन्हा विवाह केला, आणखी जलप्रवास केले, आणखी पुस्तके लिहिली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. गलबत मात्र हस्ते परहस्ते फिरत जीर्ण होऊन गेले होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लाकडी नौका बांधण्याची विद्या शिकविणारी एक शाळा आहे. तेथील विद्यार्थ्यांनी त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि २०१८ मध्ये ‘फेलिसिटी ॲन’ पुन्हा पाण्यात सोडले.