'बिटकॉइन'चे अनेकवचन आणि आपला न्यूनगंड

'बिटकॉइन्सची किंमत', 'टोकन्सना मागणी', 'वॉलेट्समधील रक्कम' अशी रूपे मराठीत हल्ली निःशंकपणे छापली जातात. परभाषेतला शब्द घेण्यात गैर काही नाही. 'टेबल' आणि 'पेन' आपण केव्हाच पचवले. आक्षेप आहे तो शब्दाबरोबर त्याचे व्याकरणही उसने आणण्याला. 'बिटकॉइन्सची' या रूपात अनेकवचन इंग्रजीचे आणि विभक्तिप्रत्यय मराठीचा. मधले सामान्यरूप मात्र नाहीसे झाले आहे.

नियम अवघड नाही. दामल्यांच्या 1911 च्या व्याकरणापासून शालेय पुस्तकांपर्यंत तो सर्वत्र आहे: अकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही, नपुंसकलिंगी एकारान्त होते. देव–देव, घर–घरे. तेव्हा आधी लिंग ठरवावे. रुपया, डॉलर, होन पुल्लिंगी आहेत. त्या न्यायाने एक बिटकॉइन, दहा बिटकॉइन, दहा बिटकॉइनांची किंमत. 'नाणे' मनात धरून कोणी 'बिटकॉइने' म्हटले, तर तेही मराठीच. 'होन' हाही कानडीतून आलेला शब्द. पण 'होनांची' म्हणताना आपण कानडी प्रत्यय शोधत बसलो नाही.

दुसरा मुद्दा मोठ्या अक्षराचा. इंग्रजीत पुष्कळ जण प्रणालीसाठी आद्याक्षर मोठे आणि चलनासाठी लहान वापरतात. देवनागरीत ही सोय नाही, म्हणून काही लेखक मराठी वाक्यात रोमन अक्षरे घुसडतात आणि वर मराठीला हा भेद दाखवता येत नाही, असा शेराही मारतात. त्यांनी एखाद्या श्रीरामपूरकराला विचारावे. दौंड–मनमाड लोहमार्गावर या शहराच्या स्थानकाला नाव मिळाले ते बेलापूरचे. बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द ही गावे निराळी. तिघांत गल्लत होत नाही, कारण आपली भाषा भेद अक्षराच्या उंचीने करीत नाही, शेजारी शब्द ठेवून करते. 'एप्रिल 2024 मध्ये बिटकॉइन प्रणालीत प्रत्येक नव्या ब्लॉकमागचे बक्षीस 6.25 बिटकॉइनांवरून 3.125 बिटकॉइनांवर आले' या वाक्यात प्रणाली कोणती आणि चलन कोणते, हे कळायला कोणते मोठे अक्षर लागते?

'बसेस', 'फाइल्स' रूढ झालेच ना, असे कोणी म्हणेल. झाले, पण त्याच कचेऱ्यांत 'फायली'ही चालतात. दोन्ही वाटा मोकळ्या असताना आपण दरवेळी परकी वाट धरतो, याचे कारण व्याकरणात नाही. 'टोकनांना' म्हटले की गावंढळ वाटते आणि 'टोकन्सना' म्हटले की शिकल्यासारखे, ही समजूत त्यामागे आहे. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने खोडणारे आपण अध्यापक 'टोकन्सना' मात्र मुकाट्याने सोडून देतो. खरी खूण तिथे करायला हवी.