कपाशीचे शेत आणि तबकडीचा हिशेब

गरीब घरातला एखादा मुलगा गाण्याच्या बळावर वर आला की भांडवली समाज त्याची कथा मोठ्या हौसेने सांगतो. एकाचे भाग्य उजळले की उरलेल्या लाखोंच्या दारिद्र्याचा जाब कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील ‘कंट्री’ आणि ‘रॉकाबिली’ संगीताच्या आद्य गायकांपैकी एक, कार्ल पर्किन्स, याचे चरित्रही असेच सांगितले जाते. शिखराजवळ पोचून तो मागे पडला, याचे खापर एका मोटार-अपघातावर फोडले जाते. या चरित्रातील हिशेबाच्या वह्या मात्र सहसा कोणी उघडत नाही.

पर्किन्सचा जन्म ९ एप्रिल १९३२ रोजी टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या टिप्टनव्हिल परिसरात झाला. बाप अर्धेलीने कापूस पिकविणारा कूळ. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी मजूर जमिनीला बांधून ठेवण्याची गरज संपली नव्हती. ती गरज या अर्धेलीने भागविली. जमीन मालकाची, बीबियाणे आणि खेचरे त्याचीच, आणि हंगामभराचे पीठमीठही बहुधा त्याच्याच दुकानातून उधारीवर. कापूस विकला की वर्षअखेर हिशेब होई. वही मालकाच्या हातात असल्यामुळे कुळाच्या पदरात अनेकदा पुढल्या वर्षाचे कर्जच पडे. कापसाचा पेरा घटविण्यासाठी रूझवेल्ट सरकारने १९३३ पासून अनुदान दिले. त्याचा मोठा वाटा मालकांनीच घेतला आणि असंख्य कुळे जमिनीवरून हुसकली गेली. या अन्यायाविरुद्ध नदीपलीकडे, आर्कान्सातील टायरोन्झा गावी, जुलै १९३४ मध्ये अकरा गोऱ्या आणि सात काळ्या कुळांनी मिळून एक संघटना उभारली. एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट हे तेथील समाजवादी कार्यकर्ते तिच्या पाठीशी होते. या संघटनेशी पर्किन्स कुटुंबाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र जे दुःख तिकडे सभेत एकवटले, तेच इकडे गाण्यात उतरले, हे ध्यानात घ्यावयास हवे.

सहा-सात वर्षांचा कार्ल कापूस वेचू लागला. शनिवारी रात्री बॅटरीवरच्या रेडिओवर नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गोऱ्यांच्या ग्रामीण गाण्यांचा कार्यक्रम ऐकू येई, आणि दिवसभर शेतात काळ्या मजुरांची गाणी. गिटार त्याला शिकविले जॉन वेस्टब्रुक या वयस्क काळ्या शेतमजुराने. पर्किन्स त्यांना ‘अंकल जॉन’ म्हणे. आपल्याकडच्या ‘काका’ या हाकेचा अर्थ येथे लावून चालणार नाही. दक्षिणेतील गोरे लोक काळ्या वृद्धाला ‘मिस्टर’ हा मान द्यावयास तयार नसत, म्हणून ‘अंकल’ म्हणत. मुलाच्या मनात माया असली तरी शब्द त्या व्यवस्थेचाच होता. तार तुटली तर नवी घ्यायला पैसे नसत, म्हणून तो तुटलेली तार गाठ मारून पुन्हा चढवी. गाठीवर बोट कापते म्हणून तार बाजूला ओढून हवा तो सूर काढावयाची सवय त्याला लागली. ज्या वाकविलेल्या सुरांची पुढे वाहवा झाली, त्यांच्या मुळाशी असे दारिद्र्य होते.

पुढे कुटुंब जॅक्सन शहराकडे सरकले. कार्ल दिवसा बेकरीत काम करी आणि रात्री भाऊ जे आणि क्लेटन यांच्यासह गुत्त्यांत गाई. त्यांच्या संगीताला मिळालेल्या ‘रॉकाबिली’ या नावातला ‘बिली’ आला ‘हिलबिली’ या शब्दातून. आपल्याकडे ज्याला ‘गावंढळ’ म्हणतात, तशीच ही गरीब गोऱ्यांना दिलेली शिवी. १९५५ च्या डिसेंबरात मेम्फिसच्या ‘सन’ कंपनीत पर्किन्सने ‘ब्लू स्वेड शूज’ ध्वनिमुद्रित केले. गाणे त्याने सरकारी घरकुलात राहत असताना, बटाट्याच्या कागदी पिशवीवर लिहिले होते. तबकडीचा खप दहा लाखांवर गेला. त्या काळी अमेरिकेत लोकप्रियतेच्या याद्याही व्यवहारात वर्णाने विभागलेल्या होत्या. हे गाणे शहरी गोऱ्यांच्या, ग्रामीण गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या अशा तिन्ही याद्यांत अग्रभागी पोचले. टायरोन्झाच्या सभेत जे घडले होते, ते क्षणभर बाजारातही घडले म्हणावयाचे.

२२ मार्च १९५६ रोजी दूरचित्रवाणीवर गाण्यासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअर राज्यात त्याच्या मोटारीला अपघात झाला. कार्ल आणि जे दोघेही गंभीर जखमी झाले. तो अंथरुणावर असतानाच, ३ एप्रिलला, एल्व्हिस प्रेस्लीने तेच गाणे दूरचित्रवाणीवर गायिले. अपघाताने प्रसिद्धीची वेळ हुकली, हे खरे. परंतु पैसा अपघाताने गेला नाही. ‘सन’चे मालक सॅम फिलिप्स यांनी दहा लाखांच्या खपाबद्दल पर्किन्सला कॅडिलॅक मोटार ‘भेट’ दिली. तिची किंमत आपल्याच स्वामित्वधनातून वळती झाल्याचे त्याला पुढे कळले. कापूसमालकाच्या दुकानाची उधारी आणि ही भेट यांत तत्त्वतः फरक कोणता? येथेही माल निर्माण करणारा एक, वही राखणारा दुसरा. फिलिप्स यांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. ते स्वतः अलाबामातील शेतकऱ्याचे पुत्र होते. हाउलिंग वुल्फसारख्या काळ्या कलावंतांना त्यांनी माइकपुढे उभे केले, आणि आर्थिक ओढगस्तीपायी प्रेस्लीचा करार १९५५ मध्ये ‘आरसीए’ या बड्या कंपनीला ३५ हजार डॉलरना विकला. लहान भांडवलदार मोठ्याला शरण जातो आणि आपला भार कलावंतावर टाकतो. येथे दोष एका माणसाच्या नियतीचा नव्हे, व्यवस्थेच्या रचनेचा आहे.

नंतरची वर्षे हलाखीची होती. १९५८ मध्ये भाऊ जे मरण पावला. दारूने कार्लला ग्रासले. पुढे सुमारे दहा वर्षे तो जॉनी कॅशच्या ताफ्यात गिटार वाजवीत फिरला. १९६४ मध्ये बीटल्सनी त्याची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्याच्या नावे पैसा येऊ लागला. थकलेल्या स्वामित्वधनासाठी मात्र सत्तरच्या दशकात त्याला फिलिप्स यांच्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

त्या तिघांपैकी एक गाणे ‘मॅचबॉक्स’. त्याच कल्पनेचे गाणे टेक्सासचा अंध काळा गायक ब्लाइंड लेमन जेफरसन याने १९२७ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. जेफरसन १९२९ मध्ये मरण पावला आणि त्याच्या थडग्यावर १९६७ पर्यंत साधी खूणही नव्हती. पर्किन्सचा हक्क डावलला गेला, हे सांगताना ही दुसरी बाजू झाकून चालणार नाही. गोऱ्या कुळाला निदान न्यायालयाचे दार उघडे होते. काळ्या मजुराजवळ दाव्याला लागणारा कागदच नव्हता.

१९८१ मध्ये पर्किन्सच्या साहाय्याने जॅक्सन येथे बालकांवरील अत्याचार रोखण्यासाठी एक केंद्र सुरू झाले आणि त्याला त्याचे नाव देण्यात आले. १९ जानेवारी १९९८ रोजी त्याच शहरी तो निवर्तला. अंत्यविधीला जॉर्ज हॅरिसन येऊन गायिला. आपण गिटार कोणाकडून शिकलो, हे पर्किन्स अखेरपर्यंत मोकळेपणाने सांगत असे. ‘ब्लू स्वेड शूज’च्या तबकडीवर मात्र गीतकार म्हणून एकच नाव छापलेले आहे, पर्किन्स, आणि स्वामित्वधनाचा हिशेब त्या छापील नावावरूनच होतो.