समजून घ्या : वाचनाच्या तासाला ‘कशावरून?’ का विचारायचे

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि तर्कवितर्क सुरू झाले. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला, हे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले, असा निष्कर्ष निघाला. दिसणारी खूण आणि आधीची माहिती जोडून निष्कर्ष काढणे म्हणजे अनुमान. पाचवी ते आठवीच्या मुलांना वाचतानाही हेच जमायला हवे.

उदाहरण पाहा

‘आईने दोरीवरचे कपडे भराभर काढले. बाबांनी अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनवर ताडपत्री ओढली.’

इथे ‘पाऊस’ हा शब्द कुठेच नाही. तरी बुलढाण्यातले कोणतेही मूल ‘पाऊस येणार’ म्हणेल. कशावरून? घाई आणि ताडपत्री या खुणा उताऱ्यात आहेत. सोयाबीन भिजले की खराब होते, हे मुलाला घरूनच ठाऊक आहे. ‘पाहुणे येणार’ असे कोणी म्हटले, तर त्याला उताऱ्यात आधार नाही. तो नुसता अंदाज.

अडते कुठे?

धड्याखालच्या अनेक प्रश्नांची उत्तरे धड्यातच जशीच्या तशी असतात. मूल ओळ शोधते, उतरवते, गुण मिळवते. त्यावरून त्याला धडा समजला असे आपण धरून चालतो. निपुण भारत अभियानाने २०२१ मध्ये तिसरीपर्यंत समजून वाचता येण्याचे ध्येय ठेवले. पुढच्या वर्गांत गणिताची शाब्दिक उदाहरणे, विज्ञान, इतिहास सारेच या समजेवर उभे असते.

काय करता येईल?

- रोज एका उताऱ्यावर एक तरी असा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर थेट लिहिलेले नाही.
- उत्तर आले की ‘कशावरून?’ विचारा आणि आधाराच्या शब्दाखाली रेघ मारून घ्या.
- उत्तर गाईडपेक्षा वेगळे, पण साधार असेल तर पूर्ण गुण द्या.

यासाठी नवे साहित्य लागत नाही, पाठ्यपुस्तक पुरते. वेळ मात्र द्यावा लागतो आणि तो अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत मिळत नाही. शाळांनी तो राखून ठेवलाच पाहिजे. अनेक घरांत पीकविम्याचा संदेश किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारी बातमी मुलेच वाचून दाखवतात. ‘हे कशावरून?’ असे विचारायची सवय त्यांना असेल, तर अख्खे घर फसवणुकीपासून वाचू शकते.