साठ लाखांची गाडी आणि आपला रस्ता

बीएमडब्ल्यू घ्यावी, मर्सिडीज घ्यावी की ऑडी, हा प्रश्न चंद्रपुरात आता थट्टेनं विचारला जात नाही. खरोखर विचारला जातो. कोळशाच्या वाहतुकीत, मातीकामाच्या कंत्राटांत, ताडोब्याभोवतीच्या रिसॉर्टांत आणि अलीकडे सुरजागडच्या लोखंडावर ज्यांचे चार पैसे झाले, त्यांच्या घरातली पोरं एमएच ३४ आणि एमएच ३३ च्या पाटीवर जर्मन चिन्हाची स्वप्नं बघतात. त्यांत आपलीही पोरं आहेत. ट्रक, गॅरेज, टायर, वेल्डिंग, बॅटरी, हे धंदे आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. ज्याच्या बापाने उभं आयुष्य दुसऱ्याच्या गाडीखाली पाठीवर पडून काढलं, त्याला एक देखणी, वेगवान गाडी स्वतःची असावीशी वाटली तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. इसराफ कुठे सुरू होतो ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तो फतवा देणारा कोण?

माझी तक्रार वेगळी आहे. ज्या तुलना बघून ही पोरं मन बनवतात त्या मुंबई, पुणे, दिल्लीच्या रस्त्यांवर केलेल्या असतात. किंमत, ताकद आणि दर्जा हे तीनच निकष तिथेही असतात आणि इथेही. पण मूलच्या रस्त्यावर, आष्टीच्या पुढे, आलापल्लीच्या जंगलात त्या तिन्ही शब्दांचे अर्थ बदलतात.

आधी किंमत. या वर्गातल्या गाड्या दोन पायऱ्यांच्या आहेत. खालच्या पायरीवर मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन, जी मार्च २०२१ मध्ये ३९ लाख ९० हजारांना आली, आणि बीएमडब्ल्यूची २ सीरिज ग्रँड कूपे, जिचं नवं रूप जुलै २०२५ मध्ये ४६ लाख ९० हजारांपासून सुरू झालं. वरच्या पायरीवर बीएमडब्ल्यू ३ सीरिज आणि मर्सिडीज सी-क्लास, दोन्ही आता साठ लाखांच्या आसपास. ऑडी ए४ या दोन पायऱ्यांच्या मधे उभी आहे. हे सगळे शोरूमचे भाव, रस्त्यावरचे नव्हेत.

हिशोब मांडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे आणि आधीचा उपकर गेला आहे. म्हणजे शोरूममध्ये ६० लाखांना मिळणाऱ्या गाडीत सुमारे १७ लाख जीएसटीच असतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के रस्ता कर, तो झाला ७ लाख ८० हजार. गाडी कंपनीच्या नावावर घेतली की हाच कर २० टक्के होतो, म्हणजे १२ लाख. "फर्मच्या नावावर घे, टॅक्स वाचेल" असं सांगणारे सल्लागार हे सांगायचं विसरतात. स्वतःच्या नावावर घेतली तरी सरकारला दिलेल्या पैशांत एक बऱ्यापैकी ट्रक आला असता.

आणि मग कर्ज. पन्नास लाख, पाच वर्षं, ९ टक्के: हप्ता महिन्याला १ लाख ४ हजारांच्या आसपास आणि एकूण व्याज सव्वाबारा लाख. आपल्या घरांत एक गंमत मी नेहमी बघतो. "व्याज" म्हटलं की सगळे कानाला हात लावतात, "ईएमआय" म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. शब्द इंग्रजी झाला म्हणून रक्कम बदलत नाही.

औरंगाबादची गोष्ट अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. स्टेट बँकेने त्यासाठी ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. देशभर कौतुक झालं, मराठवाडा मागास नाही हे आम्ही दाखवून दिलं असं सांगितलं गेलं. पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून दाखवलं होतं की त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याच्यापेक्षा कितीतरी जास्त व्याज भरावं लागत होतं. त्या खरेदीतला मला पटणारा भाग एकच: ते एकत्र गेले, घासाघीस केली आणि बँकेला आपल्या अटींवर आणलं. आपल्याकडचा पोरगा एकटा नागपूरला जातो, कॉफी पितो आणि समोरचा म्हणेल त्या दराला सही करून येतो.

माझा एक भाचा आहे. सुरजागडच्या लाइनवर त्याच्या दोन गाड्या चालतात. एक विकून ३ सीरिजचं डाउन पेमेंट करायचं त्याच्या मनात आहे. "मामू, इज्जत की बात है," म्हणतो. इज्जत मला समजते. बँकेत, कचेरीत, नाक्यावर दाढीवाल्या माणसाकडे कसं बघितलं जातं आणि चावीवरचं चिन्ह बघून तीच नजर कशी बदलते, हे मीही बघितलंय. पण जो ट्रक महिन्याला घरात पैसे आणतो तो विकून महिन्याला लाखभर नेणारी वस्तू आणायची, याला मी राजी नाही आणि ते त्याला तोंडावर सांगितलं आहे. दोन्ही ट्रक ठेवून, उरलेल्या कमाईतून, कमीत कमी कर्जावर घेणार असशील तर मी स्वतः तुझ्याबरोबर नागपूरला येतो, हेही सांगितलं.

आता ताकद. पुस्तकी आकडे असे आहेत. ३३०एलआय या ३ सीरिजच्या लांब गाडीत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क. थांबलेली गाडी १०० च्या वेगाला ६.२ सेकंदांत जाते. सी-२०० मध्ये दीड लिटरचं इंजिन, २०४ अश्वशक्ती, ७.३ सेकंद. ए४ मध्ये दोन लिटर, २०४ अश्वशक्ती, सात सेकंदांच्या आसपास. २ सीरिजच्या नव्या गाडीत दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन, १५६ अश्वशक्ती, ८.६ सेकंद. ए-क्लासमध्ये १.३ लिटरचं, रेनोबरोबर मिळून बनवलेलं इंजिन. शेवटच्या दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना "स्पोर्ट" म्हणायचं तर बंपर बघूनच म्हणावं लागेल.

हे सेकंद आपल्याकडे कुठे वापरणार? समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे, पण तो आपल्याला नागपूरपर्यंत दीडशे किलोमीटर गेल्यावर भेटतो. इथे रोजचा प्रश्न असतो तो दुपदरी रस्त्यावर लोहखनिजाने भरलेल्या ट्रेलरला ओलांडायचा. समोरून दुसरा ट्रेलर येतोय, मधे जेमतेम जागा आहे. तिथे ६० वरून १०० वर गाडी किती लवकर जाते यावर जीव अवलंबून असतो. या एका कामात ३३०एलआय बाकी सगळ्यांपेक्षा स्पष्ट पुढे आहे. तिचा टॉर्क अगदी खालच्या फेऱ्यांपासून मिळतो आणि आठ गिअरचा गिअरबॉक्स मागितल्याबरोबर हवा तो गिअर देतो. सी-२०० चं छोटं इंजिन अशा वेळी आवाज जास्त करतं. साठ लाखांत मला तो आवाज नको.

पण ताकदीचा दुसरा अर्थ थांबण्याची ताकद, आणि जंगलात तोच पहिला. चंद्रपूर–मूल रस्त्यावर किंवा मोहर्लीकडे अंधार पडल्यावर १०० ने जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. चितळ दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद संपतो. त्यानंतर उत्तम ब्रेकांनाही आणखी ३५–४० मीटर लागतात. डिपरवर तुम्हाला रस्ता जेमतेम तेवढाच दिसत असतो. एका चितळाच्या मागे दुसरं असतंच, हे झाडीपट्टीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे; फक्त ज्याच्या हातात २५८ घोडे आहेत तो ते विसरतो. इथे तिन्ही मोठ्या गाड्या सारख्याच चांगल्या आहेत. युरोपातल्या धडक चाचणीत तिघींनाही पाच तारे आहेत. ब्रेकांच्या नावावर एकीला जास्त पैसे द्यावेत असा फरक मला दिसत नाही.

खरा फरक टायरला आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. बोलेरोचा टायर २१५/७५ मापाचा. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधे सोळा सेंटीमीटर रबर आणि हवा. या गाड्यांचा टायर २२५/४५ च्या घरातला. तिथे उरतात दहा सेंटीमीटर. आष्टी–आलापल्ली रस्त्याच्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं की त्याची खोली दिसत नाही. मग टायर फुगतो आणि रिमही वाकते. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नसतं, तेव्हा खालचं आवरण घासतं ते वेगळंच. पंक्चर झाल्यावरही चालणारे रनफ्लॅट टायर असले तर ते साधारण ८० किलोमीटर, ८० च्या वेगाने नेतात. सिरोंच्याहून चंद्रपूर दीडशेच्या पुढे आहे. वाटेतल्या टायरवाल्याकडे त्या मापाचा टायर नसणार, त्याची चूकही नाही. म्हणून नवी गाडी घेताना डिकीचं कापड उचलून बघा, खाली चाक आहे की नुसती हवा भरायची पेटी.

याच गडचिरोली जिल्ह्यात वांगेतुरी–गर्देवाड्याच्या मार्गावर एसटी पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ ला. भामरागड दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतं. हे मी कुणाला लाजवायला लिहीत नाही. गाडी ठरवताना हा नकाशा समोर असावा म्हणून लिहितो.

राहिला दर्जा. दार लावल्याचा घट्ट आवाज, चामड्याची शिलाई, मोठमोठे पडदे, यांत मर्सिडीज पहिली बसते. सी-क्लासच्या आत बसलं की माणूस हरखतो, हे मान्य. ए४ ची रचना जुनी आहे, पण आतली प्रत्येक कळ घट्ट आणि जागच्या जागी, आणि खराब रस्त्यावर ती तिघींत शांत वाटते. ३ सीरिजची भारतातली गाडी चाकांमधलं अंतर ११ सेंटीमीटरने वाढवलेली आहे, त्यामुळे मागे बसणाऱ्या अम्मी-अब्बूंना पाय पसरता येतात; पुढे चालवणाऱ्यालाही मजा येते. हे दोन्ही एकत्र दुसरीकडे मिळत नाही.

पण माझ्या लेखी दर्जा म्हणजे सातव्या वर्षी गाडी कोण दुरुस्त करेल हा प्रश्न. मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीजकेंद्र राज्याला वीज देतं, कोळसा आपला, आता लोखंडही आपलं, आणि ऑइल बदलायला मात्र नागपूर! जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर आणि एक दिवस. आपल्या चौकातला मिस्त्री हाताने हुशार आहे, इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगेल, पण या गाड्यांना आधी संगणक लागतो आणि कंपनीचा पासवर्ड. म्हणून वॉरंटी संपल्यानंतरच्या खर्चाचा विचार आधी करा. या बाबतीत ३ सीरिज आणि सी-क्लासचे टॉर्क कन्व्हर्टरचे गिअरबॉक्स मला ए४, ए-क्लास आणि २ सीरिज यांच्या दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. सत्तेचाळीस अंशांच्या दुपारी, वरोरा नाक्याच्या गर्दीत, इंचाइंचाने सरकताना हा फरक कळतो. पुण्या-मुंबईहून आलेली चार-पाच वर्षांची "एकदम टकाटक" ऑडी अर्ध्या किमतीत मिळते तेव्हा हेच लक्षात ठेवा. किंमत अर्धी झाली तरी सुट्या भागांचे भाव पूर्णच राहतात.

तर माझं मत. स्वतः चालवणार असाल, आठवड्याला नागपूर होत असेल आणि पैसा खरोखर तुमचा असेल, तर ३३०एलआय. घरच्यांसाठी, शांतपणे, थोड्या कमी पैशांत हवी तर ए४, पण नवी आणि वाढीव वॉरंटीसकट. सी-२०० ज्याला मागच्या सीटवर बसायचं आहे त्याने घ्यावी. खालच्या पायरीवरच्या दोन्ही गाड्यांत तुम्ही मुख्यतः चिन्हाचे पैसे देता. ज्याला फक्त चालवण्याचा शौक आहे आणि चिन्हाशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस होती, २६५ अश्वशक्तीची, ऑक्टोबर २०२५ मध्ये ४९ लाख ९९ हजारांना. पण देशभरासाठी शंभरच गाड्या आल्या. आणि ज्याचं काम एटापल्ली, भामरागडकडे आहे, त्याने यातली एकही घेऊ नये. तो आज जी उंच गाडी चालवतो तीच बरोबर आहे.

टेस्ट ड्राइव्ह नागपूरच्या वर्धा रोडवर दहा मिनिटांची देतात. तिला नाही म्हणा. साठ लाख देणाऱ्याने गाडी वरोऱ्यापर्यंत मागावी, घरची चार माणसं आणि सामान भरून, दुपारी, एसी लावून, आणि एखाद्या गावातल्या स्पीडब्रेकरवरून तिरकी न करता सरळ न्यावी. रंगाचं विचाराल तर काळी घेऊ नका. घुग्घुसकडून एकदा जाऊन आलं की सगळ्याच गाड्या काळ्या होतात, पण पांढरीवरची राख पाण्याने निघते आणि काळीवर तिचे ओरखडे राहतात.