कंपनीचा कारभार क्लाउडवर गेला, पण चावी कुणाकडे राहिली?

जुलै 2025 मधली गोष्ट आहे. गुजरातमधल्या वाडिनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे. वर्षाला 2 कोटी टन कच्चं तेल शुद्ध करायची तिची क्षमता, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एक. तिथली यंत्रं सुरू होती, तेल येत होतं, पण कर्मचाऱ्यांचे ईमेल मात्र बंद पडले. टीम्सवरच्या मीटिंगही बंद.

हॅकिंग झालं होतं का? नाही. नायरामध्ये रशियाच्या रोसनेफ्टचा 49 टक्क्यांहून जास्त हिस्सा आहे. युरोपियन युनियनने 18 जुलैला नायरावर निर्बंध लावले आणि त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवल्या. पूर्ण पैसे भरून घेतलेल्या सेवा अशा कशा बंद करता, असं म्हणत नायरा दिल्ली हायकोर्टात गेली. ईमेलसाठी मुंबईच्या रेडिफची मदत घेतली. 30 जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा पुन्हा सुरू केल्या आणि प्रकरण निवळलं.

पण एक प्रश्न मागे राहिला. हे ईमेलवर निभावलं. उद्या कंपनीचं बिलिंग, स्टॉक, पगार आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअरच बंद झालं तर? हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा आहे, कारण जगभरातल्या मोठ्या कंपन्या नेमकं तेच सॉफ्टवेअर क्लाउडवर हलवतायत.

नेमकं काय हलवतायत?

समजा चाकणमधल्या एका कारखान्याला नाशिकहून ऑर्डर आली. माल गोदामात आहे का, नसेल तर कच्चा माल किती मागवायचा, बिल किती, जीएसटी किती, ट्रक कधी निघणार, पैसे कधी येणार, हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलं जातं. त्याला ईआरपी म्हणतात. ते बंद पडलं तर यंत्रं धडधाकट असूनही कारखाना अडतो, कारण गेटमधून ट्रक बाहेर काढायला कागदच तयार होत नाही.

आजवर हे सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालायचं. क्लाउड म्हणजे काही आकाशातलं नाही. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर भाड्याने घ्यायचे आणि वापराप्रमाणे बिल भरायचं.

मग आत्ताच एवढी घाई का?

यातलं मोठं कारण आहे एसएपी, म्हणजे आपल्याकडचे आयटीवाले जिला 'सॅप' म्हणतात ती जर्मन कंपनी. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी 1972 मध्ये ती सुरू केली. जगातल्या असंख्य मोठ्या कंपन्यांचा कारभार तिच्या जुन्या ईआरपीवर चालतो. या जुन्या सॉफ्टवेअरची नेहमीची देखभाल 2027 अखेरीस थांबणार आहे. आधी ही मुदत 2025 ची होती, फेब्रुवारी 2020 मध्ये ती वाढवली. जादा पैसे मोजले तर 2030 पर्यंत देखभाल मिळेल.

त्याच्या जागी 2015 मध्ये आलेलं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं, तेही शक्यतो क्लाउडवर, असा कंपनीचा आग्रह आहे. एआयसारख्या नव्या सोयी क्लाउडवरच्या ग्राहकांनाच मिळतील, असं तिने 2023 मध्ये सांगूनही टाकलं. म्हणजे घर कधी सोडायचं हे भाडेकरू ठरवत नाहीये, तारीख मालकाने दिली आहे.

पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांमधल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या याच स्थलांतरावर चालतात.

क्लाउडचे फायदेही खरे आहेत. दिवाळीच्या गर्दीसाठी सर्व्हर वाढवायचे आणि नंतर कमी करायचे, हे तिथे सोपं असतं. दर पाच-सात वर्षांनी नवे सर्व्हर विकत घ्यायचा खर्च वाचतो. छोट्या आयटी विभागापेक्षा मोठ्या डेटा सेंटरची सुरक्षा बहुतेक वेळा चांगलीच असते. अडचण क्लाउडमध्ये नसते, तिथे कसं जायचं हे ठरवण्यात असते.

जुनं फडताळ नव्या फ्लॅटमध्ये बसत नाही

वाड्यातून फ्लॅटमध्ये राहायला जाताना दोनच मार्ग असतात. सगळं जुनं सामान जसंच्या तसं न्यायचं, किंवा बरंच काही मोडीत काढायचं. कंपन्यांचंही तसंच आहे. पंचवीस वर्षांत प्रत्येक विभागाने आपल्या सोयीसाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेतलेले असतात. क्लाउडवरचं तयार सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांसाठी एकसारखं असतं आणि ठरावीक काळाने अपडेट होतं. त्यात आपले बदल घुसवले की दर अपडेटला डोकेदुखी.

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने हे अनुभवलंय. ती कंपनी नाही, पण कारभार एखाद्या मोठ्या कंपनीएवढा. तिने जुनं एसएपी सोडून एप्रिल 2022 मध्ये ओरॅकलचं क्लाउड सॉफ्टवेअर सुरू केलं. आपण आपली पद्धत बदलायची, सॉफ्टवेअर नाही, असं सुरुवातीला ठरलं होतं. पुढे सॉफ्टवेअरच बदलायला घेतलं. बँकेत आलेले पैसे कोणत्या खात्यातले, हे जुळवणारा खास बनवून घेतलेला भाग नीट चालेना. हिशेब लागेनात. सुमारे 2 कोटी पौंडांच्या प्रकल्पाचा अंदाज 10 कोटी पौंडांच्या पलीकडे गेला. सप्टेंबर 2023 मध्ये पालिकेने आर्थिक संकट जाहीर केलं. त्याचं मुख्य कारण समान वेतनाची थकलेली देणी हे होतं, पण या प्रकल्पाच्या खर्चानेही भर घातली. शेवटी काय ठरलं? तेच सॉफ्टवेअर, फारसे बदल न करता, पुन्हा नव्याने बसवायचं.

एका वीकेंडमध्ये सगळं हलवलं तर?

ब्रिटनच्याच टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये 50 लाखांहून जास्त ग्राहकांची खाती एका वीकेंडमध्ये नव्या यंत्रणेवर नेली. ही यंत्रणा स्पेनमधल्या तिच्या मालक बँकेच्या आयटी कंपनीने उभारली होती. तो सार्वजनिक क्लाउड नव्हता, पण हलवाहलवीचा धोका अगदी तोच.

आकडे बरोबर पोहोचले, पण यंत्रणेला लोड झेपला नाही. सुमारे 19 लाख ग्राहकांना ऑनलाइन खातं उघडता येईना. काहींना भलत्याच माणसाची खाती दिसली. नंतरच्या चौकशीत कळलं की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच लोड टेस्ट झाली होती. बँकेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं आणि डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड केला.

यात शिकण्यासारखं हे की तारीख ठरवताना 'जमलं नाही तर पुढे ढकलू' हे म्हणायचा अधिकार कुणाला आहे, तेही आधीच ठरलेलं असावं लागतं. नाहीतर जाहीर झालेली तारीखच सगळ्यांना ओढत नेते.

आणि क्लाउडवरचं खातंच उडालं तर?

मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात तेच झालं. युनिसुपर हा 6 लाखांहून जास्त सदस्यांचा पेन्शन फंड गुगल क्लाउडवर होता. डेटाच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. पण गुगलकडच्या सेटिंगमधल्या एका चुकीमुळे फंडाचं आख्खं सबस्क्रिप्शनच डिलीट झालं आणि दोन्ही ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या. सेवा एक आठवड्याहून जास्त काळ विस्कळीत राहिली.

फंड वाचला, कारण त्याने आणखी एक बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवला होता. एकाच मालकाच्या दोन गोदामांत माल ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही, हे इथे दिसलं.

मग जबाबदारी कुणाची?

या सगळ्या घटनांमध्ये एक गोष्ट समान आहे. सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे गेलं तरी त्रास मूळ संस्थेच्या ग्राहकांना झाला आणि उत्तरंही तिलाच द्यावी लागली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 च्या आयटी आउटसोर्सिंग नियमांमध्ये हेच बजावलंय. काम बाहेर दिलं तरी बँकेची जबाबदारी कमी होत नाही, आणि त्या सेवेतून बाहेर कसं पडायचं याची योजना आधीच तयार हवी. त्याच्या आधीच्या महिन्यात सेबीनेही शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी क्लाउडची नियमावली आणली.

पण रिफायनरी, साखर कारखाना किंवा गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी या नियमांखाली येत नाही. तिथे हे प्रश्न संचालक मंडळानेच विचारायचे असतात:

• आमच्या कोणत्या जुन्या पद्धती आम्ही खरंच सोडणार आहोत?
• चाचणी पूर्ण झाली नाही तर तारीख पुढे ढकलायचा अधिकार कुणाला?
• दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप आहे का, आणि तो चालू करून पाहिलाय का?
• परदेशातल्या निर्णयामुळे सेवा थांबली तर पहिल्या आठवड्यात पगार आणि बिलं कशी निघणार?

या चार प्रश्नांपैकी एकही तांत्रिक नाही, म्हणूनच बहुतेक वेळा ते आयटी विभागावर ढकलून बाकीचे मोकळे होतात. तुमच्या कंपनीत 'आपण क्लाउडवर जातोय' असा ईमेल आला असेल, तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे आहे, एवढं तरी विचारून बघा. नायराकडे पर्याय शोधायला वेळ होता, कारण बंद पडलं होतं ते ईमेल. बिलिंग बंद पडलं असतं, तर पहिल्याच सकाळी पंपांवर तेल न्यायला आलेले टँकर गेटवर उभे राहिले असते.